तो बाभळीचा काटा नव्हता

माझ्या धनुर्वाताची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. लग्नात, दहाव्याला, एस.टी. उशिरा आली की थांब्यावरसुद्धा. "रंगनाथराव, तुम्ही त्यातनं उठलात म्हणजे नवलच," असं कुणी म्हणालं की मी सुरू. आवळलेला जबडा, अंधारी खोली, धनुष्यासारखी वाकणारी पाठ, सगळं खरं सांगायचो. फक्त सुरुवात खोटी असायची. पारनेरकडच्या आमच्या रानात कुंपण घालताना तळहातात बाभळीचा काटा मोडला, असं म्हणायचो. लोक मान डोलवायचे. बाभळीच्या काट्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

खरी सुरुवात सांगायचं मी टाळत आलो. आधी नोकरी जाईल म्हणून, पुढं लाज वाटली म्हणून, आणि नंतर नुसतं अंगवळणी पडलं म्हणून. मागच्या महिन्यात केडगावला आमच्या घरामागं गटाराचे सिमेंटचे पाइप उतरवत होते. क्रेनच्या पट्ट्याला मधोमध गाठ मारलेली होती. पट्टा तुटला असणार आणि या शहाण्यांनी तो बांधून पुढं चालवला होता. एक गडी लटकत्या पाइपाखालून निवांत बिडी ओढत ये-जा करत होता. मी गॅलरीतून ओरडलो, की गाठ मारलेला पट्टा वापरत नसतात, तो फेकून द्या आणि त्या माणसाला आधी बाजूला घ्या.

"बाबा, तुमी चहा घ्या निवांत. रोजचंच हाय. काय होत न्हाई," क्रेनवाला म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोराचा राग आलाच, पण जास्त राग याचा आला की हे वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द. म्हणून आता लिहायला बसलो आहे. ज्याला हा आजार झालाय किंवा ज्याच्या घरात झालाय त्याला उपयोग होईल, आणि जो वजनं उचलायच्या कामावर आहे त्यालाही.

थोरली

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षी मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात खलाशांचा मुकादम होतो. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत. अवजड यंत्रं उचलून जागेवर बसवणाऱ्यांना कारखान्यात खलाशीच म्हणतात. कारखाना बंद असण्याच्या दिवसांत ऊस पिळायचे लोखंडी रोलर काढायचे, दुरुस्त झाले की दसरा-दिवाळीच्या सुमाराला परत चढवायचे, हे आमचं मुख्य काम. रोलरला स्लिंग घालायची, ती क्रेनच्या हुकात अडकवायची आणि खालून इशारे द्यायचे. 'हाबेस' म्हटलं की क्रेनवाला वर घेणार, 'आरिया' म्हटलं की खाली सोडणार. स्लिंग म्हणजे तारांच्या जाड दोराचा तुकडा. दोराचं टोक उलगडून, मागं वळवून, वेणीसारखं परत दोरातच गुंफायचं की डोळा तयार होतो. दोन टोकांना दोन डोळे. सगळं वजन त्या डोळ्यांवर.

आमच्याकडं स्लिंगा बऱ्याच होत्या, पण नाव एकीलाच होतं. थोरली. कारखाना उभा राहिला तेव्हा पहिला रोलर तिनं चढवला होता, म्हणून दर हंगामाला पहिला रोलर तिनंच उचलायचा असा पायंडा पडला. बाकीच्या स्लिंगा जुन्या झाल्या की भंगारात जायच्या. थोरलीला खंडेनवमीच्या आधी काळा रंग द्यायचा, मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि पाटावर मांडायचं. चेअरमन येऊन नारळ फोडायचे. पूजलेली वस्तू टाकायची कशी, म्हणून ती कधी टाकलीच नाही.

त्या वर्षी लिमये नावाचे तरुण इंजिनिअर नवीन आले होते. पुण्याकडचे, चष्मेवाले, सारखं काहीतरी तपासत फिरणारे. आमच्या लोकांना ते आवडत नसत. मला तर मुळीच नाही.

"मुकादम, दर वर्षी रंगावर रंग देता. त्याच्याखाली काय चाललंय ते दिसणार कसं?" ते म्हणाले. "रंग खरवडा. मग जाड फडकं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फडकं अडकलं की तिथं तार तुटलीय. डोळ्यापाशी नीट बघा. आणि खराब निघाली तर कापून टाका. बाजूला ठेवायची नाही, कापायची. बाजूला ठेवलेली कुणीतरी परत वापरतोच."

"साहेब, थोरली हाय ती," मी म्हणालो. "काय होत न्हाई."

"साहेब, मुकादम बायकोचं ऐकत न्हाईत, पर थोरलीच्या शब्दाभाईर न्हाईत," सिकंदर म्हणाला आणि सगळे हसले.

हा सिकंदर शेख. जामखेडकडचा, माझ्यापेक्षा थोडा लहान, टोळीतला सगळ्यात भरवशाचा गडी. मी नसलो की इशारे तोच द्यायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी थोरलीला रंग द्यायला मी एकटाच बसलो. रंगाचं काम मी दुसऱ्याला देत नसे, तो मुकादमाचा मान. लिमये साहेबांची भुणभुण डोक्यात होती, म्हणून तिरीमिरीत एकदा फडकं फिरवून टाकू म्हटलं. फडकं निम्म्याच्या पुढं सरळ गेलं आणि डोळ्यापाशी, जिथं गुंफण संपते तिथं, अडकलं. मी ते हिसडलं. तुटलेल्या तारेचं टोक फडक्यातून माझ्या अंगठ्याच्या बुडाशी खोल शिरलं.

रक्त पुसून मी नखानं रंग खरवडला. एखादीच तार असती तर चालून गेलं असतं, पण ती एक नव्हती. शेजारशेजारच्या तारा तुटल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून लाल भुगा गळत होता. म्हणजे दोर आतून गंजला होता. एवढं मला कळत होतं. मुकादम उगाच नव्हतो.

उद्या चेअरमन येणार. पाट मांडलेला. थोरली गेली तर 'रंगनाथच्या मुकादमकीत गेली' असं वर्षानुवर्षं बोलणार. आणि लिमये खरा ठरणार, हे तर सगळ्यात नको होतं. मी तारा पक्कडीनं आत दाबल्या, त्यावर सुतळी घट्ट गुंडाळली, आणि वरून दोन हात रंग दिला. दुसऱ्या डोळ्यालाही तशीच सुतळी गुंडाळली, म्हणजे एकसारखं दिसावं. हाताला पूजेच्या ताटातली हळद लावून चिंधी बांधली. ती स्लिंग वर्षभर यार्डातल्या मातीत लोळलेली, आणि ते यार्ड म्हणजे उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायची जागा. त्या शेणामातीतलंच काहीतरी माझ्या हातात गेलं. एक इंजेक्शन घेतलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण इंजेक्शन म्हणजे कारखान्याचा दवाखाना, आणि तिथं कशानं लागलं हे सांगावं लागलं असतं.

अक्कलदाढ

आठवड्याभरानं एका सकाळी भाकरीचा घास तोंडात जाईना. तोंड उघडायचंच निम्मं. दुखत फारसं नव्हतं, फक्त बिजागरी गंजल्यासारखं वाटत होतं.

"अक्कलदाढ येत आसंल," माझी बायको हौसा म्हणाली.

"ह्या वयात?"

"कुणाकुणाला उशिरा येती."

तिनं दाढेत लवंग धरायला दिली. सणाला आलेले माझे वडील, आबा, म्हणाले की वारं भरलंय, मिठाच्या पुरचुंडीनं शेक द्या. दुपारपर्यंत मान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी पहिला रोलर चढवायचा होता. मी कामावर जाऊ शकलो नाही. सिकंदर सकाळी दारात आला.

"पडून ऱ्हा मुकादम. मी बघतो सगळं. रोलर थोरलीनंच घ्यायचा ना?"

"हां. थोरलीनंच," मी दातातल्या दातात म्हणालो.

लोक विचारतात, त्या आजारात सगळ्यात वाईट काय होतं. मी पाठीच्या कळांचं सांगतो. खरं तर हे दोन शब्द. तेव्हा मला बोलता येत होतं. 'दुसरी घे' एवढं म्हणायला तोंड फार उघडावं लागत नाही.

तासाभरानं अवेळी भोंगा वाजला. त्या आवाजासरशी माझं सगळं अंग एकदम लाकडासारखं ताठलं, डोकं मागं ओढलं गेलं आणि मी खाटेवर टाचा आणि टाळूवर उभा राहिल्यासारखा वाकलो. आयुष्यातला पहिला झटका. हौसाच्या हातातलं भांडं पडलं आणि त्या आवाजानं दुसरा आला. थोड्या वेळानं बाहेरून कुणीतरी ओरडत गेलं की थोरली तुटली, सिकंदरच्या पायावर रोलर गेला.

जीप

नगरला नेण्यासाठी कारखान्याची एकच जीप होती. मागच्या भागात एका बाकावर मला निजवलं, दुसऱ्या बाकावर सिकंदरला. त्याचा पाय साखरेच्या पोत्यात गुंडाळलेला होता आणि पोतं भिजलं होतं. रोलर गुडघ्याएवढाच उचलला होता म्हणून माणूस वाचला. मधे हौसा आणि आबा बसले होते.

या आजारात चेहऱ्याचे स्नायू असे ओढले जातात की माणूस हसतोय असं दिसतं. भुवया वर, ओठ फाकलेले, दात दिसताहेत. मला ते माहीत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला अंग ताठत होतं आणि मी कळवळत होतो.

सिकंदरनं माझ्याकडं पाहिलं. वेदनेनं त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी म्हणाला, "मुकादम, माझा पाय गेला अन् तुमी हसताय व्हय?"

"आरं, तोंड वाकडं झालंय त्याचं," आबा म्हणाले.

"मला वाटलं थोरली मेली म्हून हसत्यात. लिमये साब जितले."

मला त्याला सांगायचं होतं की मी हसत नाहीये. गाडीच्या धक्क्यांत तेवढंही जमलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं, पोट दाबून पाहिलं आणि लगेच खालच्या आवाजात बोलायला लागले. "जखम कुठं झाली होती?" हौसानं हाताची चिंधी सोडली. आत अंगठ्याच्या बुडाशी काळा ठिपका होता, बाकी काही नाही. एवढ्याशा ठिपक्यानं हे झालंय यावर आबांचा विश्वासच बसेना.

"कशानं लागलं हे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

सिकंदर तिथंच स्ट्रेचरवर होता. त्याला आत न्यायची तयारी चालली होती.

"बाभळीचा काटा," मी दातांतून म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस मला बोलता आलं नाही. शेवटचं बोललो ते हे.

अंधारी खोली

धनुर्वाताच्या रोग्याला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, स्पर्श चालत नाही. मला टोकाच्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड, कानात कापूस, नाकातून पोटात नळी. रोज सकाळी सुया, दुपारी नळीतून दूध, आणि मधे कधीही झटका. कुणाचं दार आपटलं, बाहेर कुणाची बादली पडली, की माझं शरीर माझं ऐकायचं सोडून त्या आवाजाचं ऐकायचं. गुंगीची औषधं होती, पण शुद्ध जात नाही. हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. रोग्याला सगळं ऐकू येतं.

मला ऐकू येत होतं. आबा दाराशी म्हणत होते, "डॉक्टर काय खरं सांगत न्हाईत. मरायचं तर आपल्या दारात मरू द्या. गाडी सांगतो."

"न्यायचं तर आधी मला उचलून भाईर टाका," हौसा म्हणाली. सासऱ्याला उलटून बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"गावाकडं देवरुषी हाय. बाभळीचं लागीर आसतंय, उतरवावं लागतं."

"लागीर बाभळीचं आसूं द्या न्हाईतर पिंपळाचं. ते हितनं हलायचे न्हाईत."

आबा रागानं गावाला निघून गेले आणि कितीतरी दिवस आले नाहीत. त्या दोघांत पुढं आयुष्यभर धड बोलणं झालं नाही. ज्या बाभळीवरून भांडण झालं ती बाभूळ मी उभी केली होती. मी खाटेवर पडून ऐकत होतो, आणि संतापानंही अंग ताठतं हे मला तेव्हा कळलं.

भेटायला येणाऱ्यांचा तर वीट आला. बाहेर पाटी होती, 'आवाज करू नये'. कारखान्याकडून आलेल्या एका पुढाऱ्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि आत येऊन "काळजी करू नका मुकादम, कारखाना तुमच्या पाठीशी आहे," म्हणत माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या थापेचा झटका ओसरायला फार वेळ लागला. भेटायला जाणाऱ्यांनो, या रोगात प्रेम दाखवायचं असेल तर घरी बसा.

चांगलं काही घडलंच नाही असं नाही. हौसानं हातातल्या काचेच्या बांगड्यांना चिंध्या गुंडाळल्या. बांगड्या काढायला ती तयार नव्हती, आणि वाजलेल्या मला चालत नव्हत्या. ती आत आली की फक्त साडीची सळसळ व्हायची. दिवसपाळीच्या रूथ सिस्टर दाराबाहेर चपला काढून यायच्या. मला हात लावायच्या आधी कानाशी हळूच सांगायच्या, "मी डावा हात उचलतेय." मग थांबायच्या. मग उचलायच्या. कापसाची वात भिजवून दातांच्या फटीत धरायच्या आणि ओठांवर पाणी उतरायचं. मोठं काही नाही. पण त्या खोलीत माझं शरीर घाबरत नसे असा तो एकच हात होता.

झटके हळूहळू लांबले. खिडकीवरचं एक कापड निघालं. रूथ सिस्टर रोज माझ्या दातांत करंगळी घालून बघायच्या. एक दिवस ती गेली. पुढं पेजेचा चमचा गेला. एका सकाळी मी "पाणी" म्हणालो. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा आला, पण आला. सिस्टरनी कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झालं. आता बोला हवं तेवढं."

कुबडी

त्याच दुपारी सिकंदर आला.

त्याच्या पायाचा पुढचा भाग काढून टाकला होता. कुबडीवर होता. कुबडीच्या टोकाला त्यानं कापडाचा बोळा बांधला होता, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. माझ्यासाठी. तो खाटेशेजारच्या स्टुलावर टेकला आणि माझ्या तोंडाकडं बघू लागला.

"बरं दिसतंय आता. हसायचं थांबलं तुमचं," तो म्हणाला.

रूथ सिस्टर कोपऱ्यात नळ्या धूत होत्या.

"मुकादम, उद्या मला हापिसात बोलावलंय. चौकशी हाय. ते म्हणत्यात, मी थोरली ढिली आसतानाच हाबेस दिलं, झटका बसला, म्हून तुटली. मी झटका दिला न्हाई. आधी ताणून घेतली, रोलरच्या कडंला गोणपाट घातलं, माणसं मागं सारली, मगच हाबेस दिलं. तुमी शिकवल्यालं तसंच. लिमये साब म्हनले, तुटका डोळा दाखवा, मी सांगतो कशानं तुटली. तर पोरांनी थोरली नदीत सोडली. पूजल्याली वस्तू भंगारात कशी टाकायची म्हनून हार घालून सोडली. आता दाखवू काय?"

हे मला तेव्हाच कळलं. माझ्या टोळीनं, कुणीही न सांगता, भक्तिभावानं, सिकंदरच्या बाजूचा एकमेव पुरावा पाण्यात बुडवला होता. आता तो दुसरीकडं कुठं असेल तर माझ्या तळहातावर होता.

"तुमी रंग दिला हुता," सिकंदर म्हणाला. "रंग देताना काय दिसलं हुतं का? बरी हुती का न्हवती, एवढंच सांगा. तुमचा शबूद हापिसात चालतो. माझं न्हाई, पर तुमी सांगितलं तर मानतील."

मी तोंड उघडलं. करंगळी जाईल एवढं ते उघडत होतं. मग मी हात उचलला आणि जबड्याकडं बोट दाखवलं. मान हलवली. बोलता येत नाही, अशी.

सिकंदर पटकन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. ताण देऊ नगा. मीच येडा, कुणाला इचारतोय." तो उठला, माझ्या पांघरुणाचं टोक नीट केलं आणि कुबडी उचलून उचलून टाकत निघून गेला.

रूथ सिस्टर नळ्या धुवायच्या थांबल्या होत्या. नंतर रोजच्यासारख्या कानाशी आल्या, पण हात लावायच्या आधी काही सांगितलं नाही.

"सकाळी तर पाणी मागितलंत," एवढंच म्हणाल्या.

नंतर

सिकंदरला कामावरून कमी केलं. निष्काळजीपणा, असं कारण दिलं. मी परत गेलो तेव्हा फाटकावर माझं स्वागत झालं, पेढे वाटले. अवजड काम झेपणार नाही म्हणून मला उचलायच्या सामानाच्या खोलीवर नेमलं. सगळ्या स्लिंगा, साखळ्या, हुक, ते जोडायच्या लोखंडी कड्या म्हणजे शॅकल, सगळं माझ्या ताब्यात. देवाला थट्टा करायची हौस असेल तर त्यानं याहून वेगळं काय केलं असतं मला माहीत नाही.

मी भयंकर कडक झालो. एकाही स्लिंगला रंग लावू दिला नाही. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दोर फडक्यानं तपासायचा, हातात कातड्याचा मोजा घालून. तुटकी तार, पिळा पडलेला दोर, चेपलेली जागा, उघडलेला हुक दिसला की तिथंच छिन्नीनं तुकडे करायचे. धारदार कडेला पोतं किंवा लाकूड घातल्याशिवाय स्लिंग लावायची नाही. स्लिंगचे दोन पाय, म्हणजे हुकापासून वजनापर्यंतचे दोन दोर, फार फाकवायचे नाहीत, फाकले की दोरावरचा ताण वाढतो. उचललेल्या वजनाखाली कुणी जायचं नाही. काम झालं की खुंटीवर टांगायची, मातीत टाकायची नाही. खंडेनवमीला पूजा करा, पण फुलं वाहा, रंग नको.

"धनुर्वातानं मुकादमाचं डोस्कं फिरलंय," पोरं म्हणायची.

"हे आधी केलं असतंत तर, मुकादम," लिमये साहेब एकदा म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, सहज म्हणाले. मी हातातली साखळी मोजत राहिलो. सांगायची ती आणखी एक वेळ होती. अशा वेळा पुष्कळ आल्या. लोक म्हणतात योग यावा लागतो. योग येत होते, मीच त्यांना जाऊ देत होतो.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या रांगा रस्त्याकडेला बसलेल्या असायच्या. कारखान्याच्या ट्रकमधून जाताना एकदा त्या रांगेत सिकंदर दिसला. उभ्यानं करायचं काम त्याला झेपत नव्हतं, म्हणून बसून दगड फोडत होता, तो पाय पुढं पसरून. शेजारी त्याची बायको पाटी भरत होती. मी उपरणं तोंडावर ओढलं. धूळ होतीच.

खूप वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, धीर करून जामखेडला गेलो. मोंढ्यात सिकंदर धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवायला बसलेला. दाढी पांढरी झाली होती. मला बघून दाभण तसंच पोत्यात खोवून उठायला लागला.

"अरं मुकादम. बसा, बसा. ए, दोन चहा सांग रं, माझा साहेब आलाय."

आम्ही चहा घेतला. मी त्याच्या मुलांची चौकशी केली. त्यानं हौसाची केली. पाऊसपाणी झालं. ज्वारीचा भाव झाला. त्यानं माझा हात हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी बघितलं आणि म्हणाला, "बाभळीचा वण अजून हाय की." त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळं होतं का, हे मी त्यानंतर रोज आठवून पाहतो. मला ठरवता येत नाही. मी म्हणालो, "हो, हाय." आणि एस.टी.ची वेळ झाली असं सांगून उठलो. एस.टी.ला अजून पुष्कळ अवकाश होता.

दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार.

तुम्हाला कुणाला लोखंडानं लागलं, मातीत पडलेल्या कशानंही लागलं, तर साबणानं धुवा आणि त्याच दिवशी सुई घ्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा कशानं लागलं ते खरं सांगा. एवढ्यासाठी हे लिहिलं. उरलेलं एका माणसासाठी आहे. तो वाचणार नाही.

सिकंदर, तू झटका दिला नव्हतास. थोरली डोळ्यापाशी तुटलेली होती. मी ती पाहिली होती, तिच्यावर सुतळी गुंडाळली होती, रंग दिला होता आणि तुला तीच घ्यायला सांगितलं होतं. तू दवाखान्यात आलास तेव्हा मला बोलता येत होतं. माझं चुकलं. मला माफ कर.